सूज उतरली म्हणून गोळ्या बंद

"हा स्किझोफ्रेनिया आहे," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांनी अशी मान डोलावली, जणू रोजच्या ऐकण्यातला शब्द. मी दाराशी उभी होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं आणि यांना विहिरीतून माणसं शिव्या देताना ऐकू येत होती. मी केलेल्या भाकरीत विष आहे म्हणून हे उपाशी राहत.

डॉक्टरांनी समजावलं, तेही सासऱ्यांनाच. मेंदूत निरोप नेणारी रसायनं असतात. डोपामिन हे त्यातलंच एक. त्याचं प्रमाण बिघडलं की नसलेले आवाज ऐकू येतात, नसता संशय खरा वाटतो. गोळ्यांनी ते ताळ्यावर येतं. "मेंदूत बारीक सूजही येत असावी, असं काही डॉक्टरांना वाटतं. अजून नक्की कळलेलं नाही. पण बरं वाटलं तरी गोळी थांबवायची नाही."

एवढ्यातून आमच्या घराने उचलली ती फक्त सूज. सासूबाईंनी यांचं डोकं भादरून घेतलं आणि रोज आंबेहळद-तुरटीचा लेप थापून वर फडकं बांधायला लागल्या. गोळ्या मी देत होते. यांचे हात थरथरत, तोंड कोरडं पडे, दिवसभर झापड असे. पण हळूहळू आवाज बंद झाले. एका सकाळी यांनी आपणहून भाकरी मागितली. मी चुलीपुढेच रडले.

गुण आला तो लेपाला, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. "सूज उतरली. आता काह्याच्या गोळ्या? मुरगळलेला पाय बरा झाल्यावर कोनी पट्टी बांधून ठेवते का?" मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. "तुलेच लय समजते!" म्हणून त्यांनी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. ज्यांनी ते बोलणं कानांनी ऐकलं होतं, ते सासरे बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. त्यांचा राग मला आजही जास्त येतो.

पुढे व्हायचं तेच झालं. विहीर पुन्हा बोलायला लागली. आणि दोष कुणाचा? माझा! "हिचा पायगुणच खराब," म्हणत सासूबाईंनी मला घेऊन जायला उंद्रीहून माझ्या वडिलांना बोलावलं. वडील आले. मी पिशवी भरली, पण माझी नाही, यांची. आम्ही दोघांनी यांना एसटीत बसवून अकोल्याला नेलं. दवाखान्यात ठेवून घेतलं. वऱ्हांड्यात बसून मी रोज मनातल्या मनात सगळ्या घराशी भांडत होते.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर ऐका. या दुखण्यात बाहेरून सूज दिसत नाही, म्हणून ती उतरल्याचंही तुम्हाला दिसणार नाही. गोळ्या कधी थांबवायच्या, ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि घरात आलेल्या सुनेच्या पावलांत आजार शोधू नका.

हे सावरल्यावर आम्ही घरी आलो. सासूबाईंचा हेका तोच होता, "हिले माहेरी धाडा." हे ओट्यावर बसले होते. जीभ अजून जड होती.

"माय," हे म्हणाले, "बिमारी माह्या डोक्यात हाये. तिच्या पायात नाही."

मला घालवायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण एवढं सांगायला त्या घरात आजारी माणूसच लागला, धडधाकटांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही.