चेसिसवरचा पहारा

काकूंच्या पर्समध्ये लाल नेलपॉलिशची एक बाटली असायची, पण त्यांच्या नखांना ती लागलेली मी कधी पाहिली नाही. ती आमच्यासाठी होती. त्यांची जुनी गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली त्या दिवशी मी किल्ली घ्यायला हात पुढे केला, तर काकूंनी मला थांबवलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. हेडलाइटच्या मागे, डायनामोवर, चाकांच्या आतल्या अंगाला, हॉर्नच्या पोटाखाली, सगळीकडे एकेक लाल ठिपका ठेवला. मी विचारलं, हे काय? तर बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या, "खूण आहे गा. आमचा माल आत गेला, तं आमचाच बाहेर आला पाहिजे."

नागपुरात कामठी रोडवरून थोडं आत, टिनाच्या शेडखाली माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायच्या, एवढंच काम मी करतो. माझ्याकडे येणारी माणसं साधारणपणे हळवी असतात. आजोबांची गाडी, वडिलांची गाडी, असं सांगत बोनेटवरून हात फिरवतात. काकू आल्या त्या पंचनाम्याला आल्यासारख्या. सत्तरी ओलांडलेली, अंग सडसडीत, सुती साडीखाली कापडी बूट. आमचे वेल्डर सलीमभाई मौद्याकडचे, त्यांना माणसांना टोपणनावं द्यायची फार हौस. त्यांनी संध्याकाळपर्यंत काकूंचं नाव ठेवून टाकलं, चौकशीकाकू.

हा संशय त्यांना नोकरीनं दिला होता की संशयामुळेच ती नोकरी त्यांना जमली, हे मला कधी कळलं नाही. वजनमापं तपासण्याच्या सरकारी कामात त्यांची सगळी हयात गेली होती. इतवारीतल्या धान्याच्या आणि भांड्यांच्या दुकानांत जायचं, तराजू पाहायचे, वजनं उलटी करून त्यांच्या बुडाला काय चिकटवलंय ते बघायचं. दुकानदार लगबगीनं खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. "चहा आला की समजाचं, काट्यात काही तरी आहे," असं त्या सांगायच्या. माझ्याकडचा चहाही त्यांनी कधी घेतला नाही. स्वतःचा थर्मास आणायच्या. पहिले काही दिवस मला ते लागलं, मग मीही आग्रह करणं सोडून दिलं.

गाडी त्यांच्या यजमानांनी घेतलेली. कामठीच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याची ती विलायती, काळी, गोल पाठीची गाडी. यजमानांची नजर अधू, म्हणून चालवायला काकूच शिकल्या, छावणीतल्या रिकाम्या रस्त्यांवर. यजमान गेले तरी गाडी काकूंच्याच हातात राहिली. बाजार, बँक, कामठीची बहीण, सगळीकडे त्या तीच घेऊन जायच्या. अलीकडे मात्र उजवीकडचं दार बसेनासं झालं होतं. लावलं की उघडेना, उघडलं की लागेना. बिजागऱ्या बदलून झाल्या होत्या. मी गाडी जॅकवर चढवली, तशी दाराची फट डोळ्यांदेखत रुंदावली. दोष दारात नव्हताच. या जुन्या गाड्यांना खाली लोखंडी शिडीसारखी चेसिस असते, दोन लांब दांडे आणि मध्ये आडव्या पट्ट्या. सगळा भार तिच्यावर. ती खचली की वरची दारं रुसतात. काकूंना म्हटलं, वरचा सांगाडा उतरवून चेसिस उघडी केल्याशिवाय काही सांगता येणार नाही. त्यांनी मला बराच वेळ निरखलं आणि उद्या येते म्हणाल्या.

त्या गेल्या आणि त्याच संध्याकाळी मला पुण्याहून फोन आला. काकूंचा एकुलता एक मुलगा, विनय. बोलणं अगदी मऊ. आईचं वय झालं, गाडी जुनी झाली, असं इकडचं तिकडचं बोलून त्यानं मुद्दा काढला. चेसिस कशीही निघो, तुम्ही आईला एवढंच सांगा की ती पार गेली, आता काही होणार नाही. तुमचं नुकसान होणार नाही हे मी बघेन. मी म्हटलं, आधी उघडून पाहू, जे असेल ते सांगेन. त्यावर, आईला या फोनचं कळू देऊ नका, एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यावर पहिला विचार माझ्या मनात आला तो असा की पोराला गाडी भंगारात दाखवून परस्पर विकायची असणार. अशा गाड्यांवर डोळा ठेवून असलेली माणसं मी पाहिली आहेत.

चेसिस उघडली, तर ती खरोखरच आजारी होती. चालवणाऱ्याच्या बैठकीखाली दांडा आतून कुजला होता, आणि मागच्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, खुंटीजवळही. पण बाकीचं लोखंड ठणठणीत होतं. कुजलेलं कापून, आतून आधार घालून, वरून जाड पट्टी जोडली तर ती कितीतरी वर्षं भार पेलणार होती. मी काकूंना तसं सांगितलं. वाटलं होतं, त्या खूश होतील. त्यांचे डोळे बारीक झाले. विनयनं त्यांना आधीच पढवून ठेवलं होतं, की प्रामाणिक माणूस असेल तर चेसिस गेली म्हणून सांगेल, आणि होते म्हणाला तर समज, लुबाडायला बसलाय. हे त्यांनीच मला तोंडावर ऐकवलं. मी खरं बोललो होतो आणि त्याच क्षणी त्यांच्या लेखी चोर ठरलो होतो.

मला फोनचं सांगून टाकता आलं असतं. पण कोणती आई मुलाची चुगली ऐकून घेणार, आणि तीही ज्याच्यावर तिचा भरवसा नाही अशा माणसाच्या तोंडून? काकूंनी माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, पदर खोचला आणि चेसिसला टोचायला सुरुवात केली. बैठकीखाली तो भसकन आरपार गेला. तिथला एक तुकडा त्यांनी बोटांनी मोडला, पापडासारखा मोडला तो. मग पुढे, मागे, आडव्या पट्ट्यांवर, दुपार कलेपर्यंत त्या टोचत राहिल्या. बाकी कुठेही लोखंडानं वाट दिली नाही. स्क्रू-ड्रायव्हर परत देत म्हणाल्या, "कर. पण मी इथं बसून राहीन."

आणि खरंच बसल्या. तो सगळा उन्हाळा त्यांनी माझ्या शेडमध्ये काढला. वर टिन तापलेलं, कूलर नुसता गरम वारा फेकायचा. काकू ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन चेसिससमोर बसायच्या आणि मोबाइलवर फोटो काढायच्या. सलीमभाईंनी तर बोलणंच बंद केलं. त्यांची खात्री होती की बाई पुरावे गोळा करून राहिली, ग्राहक न्यायालयात जाणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. त्या आमच्यावर नजर ठेवून होत्या, आम्ही त्यांच्यावर.

कापायच्या आधी चेसिसला तिरपे आधार द्यावे लागतात, आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत ना, ते मोजावं लागतं, नाही तर गाडी जन्मभर खेकड्यासारखी तिरकी चालते. मी टेप काढला, तर काकूंनी पर्समधून स्वतःचा टेप काढला. दोन्ही टेप जमिनीवर शेजारी शेजारी ताणले. माझ्या टेपचं टोक ढिलं झालं होतं, त्यामुळे तो किंचित जास्त दाखवत होता. काकू हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "काटा खोटं बोलत नाही, त्याले धरणारा बोलते. तुझा तं काटाच खोटं बोलून राहिला," एवढं म्हणाल्या आणि माझा टेप कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यांच्या टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. पुढची सगळी मापं आम्ही दोघांनी मिळून घेतली.

सलीमभाईंवर त्यांचा वेगळाच राग होता. सलीमभाई एका दमात सरळ वेल्डिंग करत नसत. इथं थोडं, मग पलीकडच्या टोकाला थोडं, मग थांबायचं. काकूंना वाटलं, काम लांबवतोय. त्यांनी विचारलं, तेव्हा सलीमभाईंनी उत्तर न देता लोखंडाचा एक टाकाऊ तुकडा घेतला आणि त्यावर एका दमात शिवण मारली. तुकडा आमच्यासमोर धनुष्यासारखा वाकला. काकूंनी तो थंड होऊ दिला, उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डिंगची काळी काच स्वतःसाठी मागितली. त्यानंतर जोडलेली प्रत्येक पट्टी त्यांनी त्या काचेतून पाहिली. पट्टीची टोकं निमुळती काहून ठेवली, आतला आधार कुठपर्यंत गेला, सगळं विचारून घेतलं. ऐकून घेतल्यावर "ठीक आहे" असं कधी म्हणाल्या नाहीत. "पाहू," म्हणायच्या.

एकाच माणसाचा विषय निघाला की हा पहारा सुटायचा. विनयचं नाव घेताना त्यांचा आवाज सैल व्हायचा. एकदा म्हणाल्या, तो इथं असता तं मले बसाचं काम नव्हतं, त्यानं पाह्यलं म्हणजे झालं. मी पान्याशी उगाच खटपट करत राहिलो. साऱ्या जगाचं वजन उलटं करून पाहणाऱ्या या बाईनं एक वजन कधीच उचलून पाहिलं नव्हतं, आणि नेमकं त्याच्याच बुडाला काय आहे, ते मला ठाऊक होतं.

चेसिसला काळा रंग लागला, वरचा सांगाडा अजून चढायचा होता, तेव्हा विनय आला. न कळवता. चाळिशीचा, थकलेला चेहरा, प्रवासाची बॅग खांद्यावर तशीच. त्यानं चेसिसभोवती एक चक्कर मारली आणि आईला म्हणाला, हे वरून रंगवून दिलंय, आत कुजकंच असेल, मी यांना आधीच सांगितलं होतं की... आणि तिथे थांबला.

काकूंनी विचारलं, "कधी सांगितलं होतं?"

काकू माझ्याकडे वळल्या. "यानं फोन केला होता तुले?"

मी हो म्हणालो. काय म्हणाला, ते मला सांगावं लागलं नाही. विनयच बोलायला लागला. मागच्या वर्षी आईनं रस्त्याच्या दुभाजकाला गाडी घासली, ते त्याला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. रोज संध्याकाळी तो फोन लावायचा आणि आई उचलेपर्यंत त्याचा जीव खालीवर व्हायचा. पुण्यात मीटिंगमध्ये बसलेला असताना त्याला कामठी रोडवरचे ट्रक दिसायचे. गाडी बंद पडली तर आई चालवायची थांबेल, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याच्याबद्दल मी जे धरून चाललो होतो, त्यातलं काहीच नव्हतं.

काकू ऐकत होत्या. त्यांचा हात चेसिसच्या दांड्यावर होता, सलीमभाईंच्या जोडावर. मग म्हणाल्या, "भीती वाटत होती तं तसं सांगाचं होतं, विनू. चेसिसले काहून बदनाम केलं?"

तो म्हणाला, तू ऐकलं नसतं.

"नसतंच ऐकलं. भांडली असती. पण खरं तं राहिलं असतं." मग माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "पूर्ण उन्हाळा मी या माणसावर संशय घेतला. एक एक पट्टी पाह्यली. म्हणून आता सांगू शकते, ही चेसिस पक्की आहे. तुझ्यावर संशय घ्यावा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

विनय बॅग खाली न ठेवता उभा राहिला. काकूंनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला. माझी माफी मागितली नाही की आभार मानले नाहीत.

सांगाडा चढला. दार एका ढकलीत बसलं. गाडी न्यायला काकू विनयला घेऊनच आल्या, तो रजा वाढवून थांबला होता. त्याला शेजारी बसवलं, मला मागे, आणि स्वतः चालवत गाडी कामठीकडे काढली. गाडी सरळ धावत होती. छावणीच्या अलीकडे त्यांनी ती झाडाखाली थांबवली.

"उजवीकडून ट्रक आला, तो मले उशिरा दिसला," त्या म्हणाल्या. "तुले दिसला होता?"

विनय म्हणाला, हो.

"मंग बोलला काहून नाही?"

काकू उतरल्या, गाडीला वळसा घालून डावीकडे आल्या आणि त्याला उजवीकडे सरकायला सांगितलं. परतीच्या वाटेवर विनयनं चालवली. गिअर टाकताना तो दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा काकूंनी त्याला फटकारलं. पुन्हा त्या चालवायला बसल्या नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, पण बसल्या नाहीत. विनय नागपूरला आला की गाडी काढायचा.

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्याच्या थोडं आधी त्यांचा मला फोन आला होता. मागच्या पाट्यांना ग्रीस कमी लावलंय, आवाज येऊन राहिला, अशी तक्रार होती. मी जाऊन पाहिलं. ग्रीस पुरेसं होतं, पण त्यांच्यासमोर पुन्हा लावलं. त्यांनी वाकून पाहिलं, पाहू म्हणाल्या, आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

माझे वडील अजून स्कूटर चालवतात. कानांनी कमी ऐकू येतं, हात थरथरतो, पण इतवारीत मित्राच्या दुकानी जाऊन बसल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नाही. यंदा उन्हाळ्याच्या आधी मी त्यांची स्कूटर गॅरेजमध्ये आणली आणि एका कोपऱ्यात तशीच ठेवून दिली. कार्बोरेटर गेला, सामान कुठे मिळत नाही, हे वाक्य मी घरी जाता जाता मनात जुळवून ठेवलं होतं. वडील अंगणात संत्रं सोलत बसले होते. मी त्यांच्याजवळ बसलो, आणि ते वाक्य काही तोंडातून निघेना. शेवटी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, बाबा, तुम्ही स्कूटरवरून निघालात की मला भीती वाटते.

त्यांनी संत्र्याची एक फोड मला दिली. मग विचारलं, "स्कूटर चालू आहे ना?"

मी म्हटलं, चालू आहे.

"मले वाटलं होतं," ते म्हणाले, "बिघडली म्हणून सांगशील."