पुण्याचं कॉलेज

मंगळवार पेठेतल्या नेट कॅफेत मी प्रिंट काढायला गेलो होतो. शेजारी मलकापूरकडची एक बाई आणि तिची लेक प्रवेशासाठी कॉलेज निवडत होत्या. बाईचं उजवं मनगट सुजलेलं होतं आणि बोलताना ती ते सारखं चोळायची.

लेकीला कॉम्प्युटर शिकायचं होतं. दूर पुण्याच्या सरकारी कॉलेजात ते मिळत होतं. फी शिष्यवृत्तीत भागत होती, पण राहण्या-जेवणाचा खर्च अंगावर येणार होता. गावाजवळच्या कॉलेजात सगळंच माफ होतं, फक्त शाखा नको असलेली.

"जवळचंच घेऊया आई. तुझ्या ह्या हातानं म्हशींच्या धारा कशा निघायच्या?" लेक म्हणाली.

बाई माझ्याकडं वळली. "पावणं, तुमी काय म्हंता?"

"जवळचं बरं," मी म्हणालो. "खर्च नाही, आणि घरालाही आधार."

"घराचं मी बघतो की!" बाई म्हणाली. "फुकट हाय म्हणून पोरीनं चार वर्सं मन मारायचं व्हय?"

तिनं लेकीला पुणं निवडायला लावलं. लेक रडू लागली, तरी बाई ठाम राहिली. माझा सल्ला व्यवहाराचा होता, आणि तो बाईलाही पटला होता, असं मला अजून वाटतं.

लेक पैसे द्यायला गेली, तेव्हा बाईनं मला हळूच विचारलं, "हॉस्टेलात रविवारी आईला भेटू देत्यात न्हवं?"