दोन स्टार आणि शामी शेळी

२४ जानेवारी, शुक्रवार. तिखटमिठाच्या पुऱ्या तळायच्या होत्या. शारजात शुक्रवारपासूनच सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारी तळण आणि शनिवारी भटकंती असा आमचा हिवाळ्यातला क्रम ठरलेला आहे. साठ पुऱ्या लाटल्या, ओवा जरा सढळ हाताने घातला, डब्यात कागद घालून भरल्या. सोबत दही न घेता लोणचं घेतलं, कारण गाडीत दही सांडलं की पुढचे तीन महिने गाडी सांगते.

आम्ही अल मजाजमध्ये बाराव्या मजल्यावर राहतो. मुलं लहान असताना त्यांनी जवळून पाहिलेला प्राणी म्हणजे पार्किंगमधली मांजर. म्हणून आम्ही प्राणिसंग्रहालयं बघायला लागलो. मोठी सफारी झाली, डोंगरातली झाली, मग खाजगी फार्म, पक्ष्यांच्या बागा, उंटांचे गोठे. आता मुलगी चौदाची आणि मुलगा नऊचा आहे, तरी सवय सुटलेली नाही.

रिव्ह्यू लिहायचं वेड माझं. एका जूनमध्ये दीड वर्षाच्या पोराला घेऊन अशा ठिकाणी गेलो की तिथे दोन तास सावली मिळाली नाही आणि नळाचं पाणी कढत. घरी येऊन मी नकाशाच्या अ‍ॅपवर सगळं खरडलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी वाचलं, आणि मग कुठेही जायच्या आधी त्या मला विचारायला लागल्या. माझी पद्धत ठरलेली आहे: सावली, पाणी, शौचालय, खाणं, प्राणी, तिथली माणसं. त्याच क्रमाने.

"तुमची आई वाघ बघायला जात नाही," नवरा मुलांना सांगतो, "ती नळ बघायला जाते. वाघ वाटेत लागतो."

या वेळचं ठिकाण खोर फक्कानच्या रस्त्याला होतं. डोंगर सुरू होतात तिथे आत वळलं की एक छोटं खाजगी फार्म. शहामृगं, मोर, कासवं, दोन लामा, उंटाचं एक पिल्लू आणि पुष्कळ शेळ्या. तिकीट माणशी पस्तीस दिरहॅम.

"आठशे रुपये!" नवरा खिडकीपाशीच म्हणाला. "शेळ्या बघायला! आमच्या गावाला शेळ्या घरात येऊन बघून जातात."

"यल्ला, चला ना बाबा," मुलगी म्हणाली. "पीपल आर वेटिंग."

जागा बरी होती. सावलीला जाळी होती, ठिकठिकाणी फाटलेली. बायकांच्या शौचालयातला नळ गळत होता. दुपारी बाकावर डबा उघडला, आणि आमच्या चिरंजीवांनी आठ पुऱ्या उचलल्या. हा मुलगा एरवी दोन पुऱ्यांना अर्धा तास लावतो. डोंगरातली हवा मानवली म्हणायची, असं वाटून मला बरं वाटलं. तो पुऱ्या हातात घेऊन फिरत फिरत खात होता. बस म्हणून मी ओरडले नाही.

निघायच्या आधी शेळ्यांच्या वाड्याकडे एक चक्कर मारली. तिथे लांब कानांच्या शामी शेळ्या होत्या. कान इतके लांब की पाणी पिताना भिजतात. मुलांना त्या फार आवडल्या. त्यातली एक तपकिरी शेळी जमिनीवर आडवी पडली होती, पाय ताणून, आणि कण्हत होती. तिच्याशेजारी आमच्याकडे पाठ करून राखणदार बसला होता. टोपी, तोंडाला फडकं, आणि हातात फोन. फोनवर कुणा बाईचा चेहरा दिसत होता. माझ्या मुलाने दोनदा "एक्सक्यूज मी" म्हटलं. त्याने हात वर करून थांब म्हणून सांगितलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. आम्ही दहा मिनिटं थांबलो, शहामृगांकडे जाऊन आलो, तरी तो तसाच.

"बघा," मी नवऱ्याला म्हटलं, चांगलं मोठ्याने, मराठीत. "जनावर मरायला टेकलंय आणि ह्याच्या गप्पा संपत नाहीत. फोन हाताला चिकटलाय नुसता."

रविवारी सकाळी रिव्ह्यू लिहिला. सावली तीन, पाणी तीन, शौचालय दोन. शेवटी माणसं. 'एक शेळी आजारी पडून कण्हत असताना तिचा राखणदार अर्धा तास व्हिडिओ कॉलवर होता. त्याला प्राण्यांची काडीची पर्वा नाही.' इंग्रजीत ते जास्तच धारदार झालं. एकूण दोन स्टार.

चार दिवसांनी फार्मकडून उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभार. संबंधित कर्मचाऱ्यावर कडक कारवाई केली आहे. यापुढे सर्व राखणदारांचे मोबाइल ड्युटीच्या वेळेत गेटवर जमा होतील. आपण सहकुटुंब पुन्हा यावे, तिकीट आमच्याकडून.

"फुकट?" नवऱ्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बघितलंस?" मी मुलीला म्हटलं. "नीट लिहिलं की काम होतं." मी खूश होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

फेब्रुवारीच्या मधल्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. गेटच्या केबिनमध्ये खरंच एक पत्र्याची पेटी होती, कुलूप लावलेली, आणि वर मॅनेजरने चिकटवलेली सूचना. मी आधी शौचालय पाहिलं. नळ गळतच होता. मग शेळ्यांकडे गेलो. तपकिरी शेळी उभी होती, चांगली धडधाकट, पोट सुटलेलं. गाभण असावी. तोच राखणदार, तीच टोपी घालून, पेंढीतला चारा सोडवत होता. आज तोंडाला फडकं नव्हतं. तिशी-पस्तिशीचा माणूस.

मी हिंदीत म्हटलं, "क्या भाई, अब बकरियों पे ध्यान है ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. चारा खाली ठेवला.

"ध्यान त्या दिवशीपण होतं, ताई," तो मराठीत म्हणाला.

नवऱ्याने एकदम कासवांच्या पाटीचं वाचन सुरू केलं. मी जागची हलले नाही, कारण हलून जाणार कुठे.

"तुम्ही मराठी?"

"रत्नागिरीकडचा. तुम्ही बोललात ते ऐकलं मी त्या दिवशी. फोन चिकटलाय म्हणालात."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलणार ओ? आई लायनीवर होती."

मग त्याने सांगितलं. चिडून नाही, चारा सोडवत सोडवत. त्या दुपारी शेळीचं पोट फुगलं होतं, डाव्या कुशीला ढोलासारखं. शेळी फुगली आणि वेळेत ढेकर आली नाही तर तासाभरात खलास. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी येतो, आणि फोन केला तर सोमवारी येतो म्हणाला. याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या. आईचा हात त्यात बसलेला. म्हणून त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, शेळी दाखव. मग म्हणाली, कुशीवर टिचकी मार आणि फोन तिथे धर, मला आवाज ऐकू दे. त्याने फोन शेळीच्या पोटाला लावला. टिचकी मारली, पुन्हा लावला. आईने तिकडून आवाज ऐकला आणि सांगितलं, वारा धरलाय, तेल पाज, पुढचे पाय उंचावर ठेव, तोंडात आडवी काठी बांध म्हणजे ती चघळत राहील, आणि कूस चोळत राहा, मी सांगेपर्यंत थांबू नको.

"तुम्ही गेल्यावर वीसेक मिनिटांनी ढेकर दिली तिने," तो म्हणाला. "एवढी मोठी. आई तिकडे हसली."

मला ते दृश्य पुन्हा दिसलं. पाठमोरा माणूस, वाकलेला, हातात फोन. मी एवढा वेळ बघत होते आणि त्याचा दुसरा हात कुठे आहे हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"पण फुगली कशाने?" नवऱ्याने विचारलं. एव्हाना तो कासवांकडून परत आला होता.

"खाण्याने. लोक पाव घालतात, चिप्स घालतात. बोर्ड लावलाय तरी." त्याने जरा थांबून माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी पाव होताच. गव्हाणीशेजारी पुरीचा तुकडापण मिळाला मला. ओव्याचा वास होता. पाच वर्षांपूर्वी घरी गेलो होतो, त्यानंतर तसला वास घेतला नव्हता."

मी मुलाकडे वळले. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"किती?"

"सिक्स," तो म्हणाला. "शी वॉज हंग्री, आई. शी लाइक्ड इट."

म्हणजे दोन त्याने खाल्ल्या होत्या. नेहमीप्रमाणे.

"मॅनेजरला का नाही सांगितलंत?" मी राखणदाराला विचारलं. "मराठी लोकांनी घातलं म्हणून?"

"सांगून काय? तुम्हाला दंड झाला असता. पोरगं आहे." मग तो सरळ म्हणाला, "ताई, एक तारखेपासून मला हमरियाला पाठवतायत. मालकाचं गोदाम आहे तिथे. सहा वर्षं लोडिंग करून मग इथे आलो होतो. शेळ्यांचं येतं म्हणून घेतलं होतं मला. ही आता महिन्याभरात विणार. तेवढं तरी होऊन जाऊदे म्हणालो. नाय म्हणाले."

मी मॅनेजरकडे गेले. तो सज्जन होता, पण दमलेला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि हात पसरले.

"मॅडम, लिखा तो आपने ही है."

"गलत लिखा."

"बॉस को मैं क्या बोलूँ? वो स्टार देखते हैं और लास्ट लाइन पढ़ते हैं। बस। आप बदल दो, मैं दिखाता हूँ। कल सुबह वो खुद आते हैं, नौ-साढ़े नौ बजे। इन्शाल्ला।"

त्याचा इन्शाल्ला मला पुरेसा वाटला नाही. या देशात अठरा वर्षं काढल्यावर मला त्यातलं कमी-जास्त कळतं.

परत येताना गाडीत मुलाने एकदा विचारलं, "विल ही गो बिकॉज ऑफ मी?" मी म्हटलं, "तुझ्यामुळे शेळी फुगली. तो माझ्यामुळे जातोय." यापेक्षा सौम्य काही मला सुचलं नाही, आणि खरं तेच होतं.

घरी आल्यावर लॅपटॉप उघडला. मुलगी शेजारी बसली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि तिला ते माहीत आहे.

"जस्ट डिलीट इट," ती म्हणाली.

"पुसलं तर त्याच्यावरचा आरोप मालकाच्या डोक्यात तसाच राहील."

"पण तू लिहिलंस की आपण शेळीला फीड केलं, तर मंडळातले सगळे वाचणार. दे विल लाफ, आई. तूच सगळ्यांना रूल्स सांगतेस."

"हसू देत."

तिने खांदे उडवले आणि टाइप करायला घेतलं. मी सांगितलं ते तिने फार न बदलता लिहिलं. 'मागच्या भेटीत मी राखणदाराबद्दल जे लिहिलं ते चूक होतं. आमच्या मुलाने, बोर्ड वाचता येत असूनही, शेळीला सहा पुऱ्या घातल्या. तिचं पोट फुगलं. डॉक्टर नसताना या माणसाने फोनवर घरच्या जाणत्या माणसाला विचारून तिला वाचवलं. मी ते न समजता बघत उभी होते. प्राण्यांना इथे सगळ्यात उपयोगी असलेली गोष्ट म्हणजे हा माणूस.'

"स्टार्स?" मुलगी म्हणाली.

मालक स्टार बघतो. पाच द्यायला हात शिवशिवत होता. पण नळ गळत होता, आणि पाच दिले असते तर बाकीचंही कुणी खरं धरलं नसतं.

"चार," मी म्हटलं. "नळाचं वर वेगळं लिही. शेवटची ओळ मात्र माणसाचीच राहू दे."

मंडळाच्या ग्रुपवरही मीच टाकलं, कुणी दुसऱ्याने टाकायच्या आधी. पहिलं उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणे आलं: 'पुऱ्यांची रेसिपी पाठव, शेळीला आवडल्या म्हणजे चांगल्याच असणार.' मी अंगठ्याची इमोजी टाकली आणि फोन बाजूला ठेवला.

पण बसल्या बसल्या मला जाणवत होतं की स्टार म्हणजे शेवटी शब्दच. कारवाई त्याच्यावर कागदावर झालेली होती. तिला उत्तर कागदानेच द्यायला हवं होतं. आणि मला तिथला बोर्ड आठवला. प्राण्यांना खायला घातल्यास दोनशे दिरहॅम दंड.

"साडेचार हजार रुपये!" नवरा म्हणाला. "सहा पुऱ्यांचे? मागितला तरी कुणी?"

"मागितला नाही म्हणूनच भरायचा आहे. पावतीवर कारण लिहितात."

त्याने उठून गाडीची किल्ली माझ्या पर्सशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसहाला एकटी निघाले आणि फार्म उघडायच्या आधी गेटवर होते. मॅनेजर चहाचा कागदी कप घेऊन आला. मी दोनशे दिरहॅम खिडकीत ठेवले आणि दंड भरायचा आहे म्हणाले. तो हसला, नंतर हसायचा थांबला. आजवर कुणी दंड भरलाच नव्हता, पावतीपुस्तक सापडेना. त्याने ड्रॉवर उपसला, शेवटी तिकिटांच्या जाडजूड पुस्तकाखाली एक कोरं पुस्तक मिळालं. मी त्याला एकेक शब्द सांगितला आणि त्याने लिहिला: पाहुण्यांनी घातलेल्या अन्नामुळे शेळी आजारी, २५ जानेवारी, राखणदाराचा दोष नाही. शेवटच्या तीन शब्दांना त्याने पेन उचललं. मी पैशावरचा हात काढला नाही. त्याने लिहिलं आणि शिक्का मारला.

पावतीचा फोटो काढून रिव्ह्यूखाली लावला. मग फाटक्या जाळीखाली जेवढी सावली होती तेवढीत उभी राहिले. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी मालकाची गाडी आत आली. मी पावती घेऊन पुढे गेले.