शनिवारचं पुलपिट

चर्चमध्ये पुढे, मधोमध जागा मिळावी म्हणून मार्थाआत्याला मरावं लागलं.

एरवी तिची जागा डावीकडच्या बाकांवर, बायकांत. पुलपिट, म्हणजे पाळकसाहेब जिथून उपदेश करतात ती उंच जागा, पुरुषांची.

हा नियम लेखी कुठेच नाही. म्हणून तर तो मोडता येत नाही.

अपवाद शनिवारचा. शनिवारी दुपारी बायकांनी पुलपिटावर चढावं, फडक्यानं पुसावं, कापड बदलावं, माईक चालतो का बघावं आणि मुकाट उतरावं.

रविवारी त्याच पायऱ्या त्याच पायांना बंद.

मी संस्कृत पाठशाळेत शिकलेला ख्रिस्ती. तिथे काही दिवस पाठ बंद असत, त्याला अनध्याय म्हणत. बायकांना कायमचा अनध्याय लावायची विद्या फक्त आमच्या शास्त्रीबुवांना येते, असा माझा समज होता. आमच्या चर्च कमिटीनं तो खोटा ठरवला. दोन धर्मांची इतकी एकवाक्यता मी दुसरीकडे पाहिली नाही.

आत्यानं काय केलं, तर माईक टेस्टिंग लांबवलं.

आधी नुसतं "हॅलो, हॅलो". मग एखादं वचन. मग त्याचा अर्थ. मग त्यावर स्वतःचं मत, आणि आत्याकडे मतांचा तुटवडा कधीच नव्हता.

हळूहळू शनिवारी फुलं लावायला येणाऱ्या बायका वाढल्या. फुलदाण्या दोन, आणि बाकं भरलेली.

एकदा विसरलेली छत्री आणायला गेलो, तर आत्या वरून बोलत होती, "येशूची कबर रिकामी हाय, ही बातमी पयल्यांदा बायकांनी सांगितली. कमिटीच्या परवानगीला थांबल्या असत्या तर आजून कुणाला कळलं नसतं."

मी दारातच बसलो. छत्री पुन्हा विसरलो.

वार्षिक सभेत कमिटीनं भगिनींच्या सेवावृत्तीचं तोंडभर कौतुक केलं. एवढं स्वच्छ चर्च आख्ख्या जिल्ह्यात नाही म्हणाले. आणि बायकांना नवे झाडू भेट दिले.

मी हसलो. आत्या हसली नाही.

"झाडू नगो रं मला. एक रविवार पायजे."

वर्षातून एकदा महिला रविवार असतो. उपासना बायका चालवतात. दर वर्षी आत्या पुलपिट मागायची आणि सॅम्युएलकाका, कमिटीतले सगळ्यात जुने पंच, दर वर्षी तेच म्हणायचे.

"अक्का, खाली टेबल मांडतो की. फुलदाणीबी ठेवतो. पुलपिट कशाला पायजे? बायकांनी मंडळीत गप बसावं, शास्त्रात लिवलंय."

"मग गायनवृंदात आमी तोंड मिटून गातो व्हय?"

काका मनापासून हसायचे. आणि टेबल मांडायचे.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तिनं रूथला जवळ बोलावलं. रूथ आजऱ्याची, आत्याची संडे स्कूलमधली विद्यार्थिनी. पुढे धर्मशास्त्राची रीतसर पदवी घेऊन आली. कमिटीनं पदवीचा मान राखला आणि तिला संडे स्कूलच्या रंगपेट्या सांभाळायला दिल्या.

"माझ्या दफनाला तू बोलायचंस," आत्या म्हणाली. "वरनं. खालच्या टेबलावरनं बोललीस तर पेटीतनं उठून बसंन."

आज पेटी आत होती आणि कमिटी बाहेर, झाडाखाली.

"शोकाचा दिवस हाय. वाद नको," काका मला म्हणाले. "पुढच्या मीटिंगला विषय घेऊ की."

"काका, पुढच्या मीटिंगला आत्या नसणार."

पाळकसाहेब भले गृहस्थ आहेत. भल्या गृहस्थासारखे ते आभाळाकडे बघत राहिले.

आत गेलो तर टेबल मांडलेलं. फुलदाणीसकट.

रूथनं टेबलाकडे पाहिलं. पर्समधून पिवळं फडकं काढलं, पुलपिटाच्या पायऱ्या चढली आणि पुसायला लागली. सावकाश, कोपरे धरून.

काका अर्धे उठले. "अगं पोरी, आत्ता काय हे?"

"शनिवार हाय, काका. सफाई चाललीय."

सफाई करणाऱ्या बाईला काकांनी जन्मात कधी अडवलं नव्हतं. आज तरी कसं अडवणार? ते तसेच अर्धवट उभे.

फडकं घडी करून रूथ माईकशी वाकली.

"हॅलो. माईक टेस्टिंग."

डावीकडची सगळी बाकं रडता रडता हसली. मग रूथ बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही. ऐकायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी यावं.

काका मधेच कधीतरी खाली बसले. आमच्याकडे सुधारणा इतपतच होते.

दफनभूमीच्या वाटेवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं बोलली पोरगी. खरंच चांगलं बोलली."

मला भरून यायला लागलं होतं.

"पण उद्या रविवार हाय. तिला सांग तेवढं."

मी कपाळाला हात लावला. सांगणार नाही.

आत्या, माईक चालू होता. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

वर कुणी हातात झाडू द्यायला आलं तर घेऊ नकोस.

सलाम.