गुलाबी शर्ट

तिला मी एकदाच पाहिलं, काष्टीच्या आठवडी बाजारात. अपंगांच्या वसतिगृहात ती मदतनीस होती. चाळिशीतल्या एका माणसाची व्हीलचेअर ढकलत ती कपड्यांच्या पालापाशी आली.

"यांना कंचा शर्ट दावू?" दुकानदाराने तिला विचारलं.

"त्यांनाच इचारा की."

त्या माणसाला एकेक अक्षर उच्चारायला फार वेळ लागत होता. मागे आम्ही गिऱ्हाइकं खोळंबलो. त्याला काय म्हणायचंय हे बाईला कळलं होतं. पण तो शब्द आपल्या तोंडून निसटू नये म्हणून तिने ओठांवर पदर घट्ट धरला होता.

"गु...लाबी!" अखेर तो म्हणाला.

शर्ट छातीशी धरून तो आरशात पाहत हसत सुटला. आम्हीही हसलो.

"झ्याक हाय ना, बाई?" दुकानदार म्हणाला.

"मला तर लई भडक वाटतोय," ती हसत म्हणाली. "पन घालनार ते हायेत!"