दाराकडे वळलेले बूट

आधीच सांगते — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. नव्हता. आता... नाहीच म्हणा! शाळेच्या गॅदरिंगपासून मला ड्रामा आवडतो, हे खरं. पण पुढे लिहिलंय त्यातला ड्रामा माझा नाही. माझा आहे तो फक्त संताप. तो मात्र शंभर टक्के ओरिजिनल!

तर — पार्सिपनी, न्यू जर्सी. घरात मी, नवरा मिलिंद आणि सासूबाई. आई ऐंशीच्या घरात, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली. हातात काठी. खाली चमचा पडला तरी उचलता येत नाही, मला हाक मारतात. आमचं दोघींचं फार मेतकूट आहे, असा गैरसमज नको. आमटीत गूळ किती, यावरून लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेलं युद्ध अजून चालू आहे.

धाकटा दीर समीर ईडन प्रेरीला असतो, मिनेसोटात. यंदा एप्रिलमध्ये त्याने आम्हा चौघांची जपानची ट्रिप काढली. आई खूश! बुलेट ट्रेनमध्ये खिडकी सोडली नाही. हॉटेलच्या कमोडचं झाकण आपोआप उघडलं, तर “अगं बाई, आत कोणी आहे वाटतं” म्हणून परत आल्या. एका रेस्टॉरंटमध्ये मांजराच्या तोंडाचा रोबो जेवण घेऊन आला आणि जपानीत गोड आवाजात काहीतरी बोलला. आई म्हणाल्या, “काय हवं विचारतोय. गुणी आहे हो!”

मग डोंगरातल्या एका गावात जुन्या पद्धतीच्या सराईत उतरलो. मालकीण आईंच्याच वयाची, किमोनोतली. आम्ही दारात बुटांचा ढीग केला — आपली सवय. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक जोड उचलून टोकं दाराकडे वळवून ठेवायला लागली. म्हणजे निघताना पाहुण्याला सरळ पाय घालता येतात. तिथली रीत. पण तिने आईंच्या चपला उचलल्या मात्र...

“माझ्या चपलांना हात नको लावूस!” आई कडाडल्या. शुद्ध मराठीत. बरोबरीच्या बाईने आपल्या चपला उचलायच्या, म्हणजे काय!

ती हसली. हात जमिनीला टेकून, पार कपाळ खाली नेऊन तिने आईंना नमस्कार केला. आईंना उलट तसाच करायचा होता. वाकता येईना. खोलीत आल्यावर स्वतःच्या गुडघ्यांवर चापट्या मारत म्हणाल्या, “मेल्यांनो, आज तरी वाकायचं होतंत!”

शेवटच्या दिवशी टोकियोत नूडल्स खाताना समीरने बॉम्ब टाकला.

“वहिनी, आईसाठी पुण्यात एक सीनिअर होम फायनल केलंय. एकदम रिसॉर्ट आहे यार! जूनचं तिकीट बुक केलं. मीच सोडून येतो.”

म्हणजे ही ट्रिप नव्हती, सेंड-ऑफ होता! आई शेजारीच बसल्या होत्या. भुरके मारायच्या थांबल्या, पण बोलल्या नाहीत. मी मिलिंदकडे बघितलं. तो म्हणाला, “बघू या.”

बघू या! या माणसाच्या ‘बघू या’वर मी एक दिवस नूडल्सचं भांडं उपडं करणार आहे.

जूनमध्ये समीर आईंना न्यायला हजर. शुक्रवारी संध्याकाळी आला, गॅरेजकडच्या मडरूममध्ये — जिथे आमचं वॉशर-ड्रायर आहे — बूट काढले. चहा पिऊन परत जाऊन बघतो, तर त्याचे बूट एकमेकांना चिकटून, टोकं दाराकडे. बाकी सगळा ढीग जसाच्या तसा.

“वहिनी, हिंट कळली हं.”

“हिंट द्यायची असती तर गार्बेजमध्ये टाकले असते.”

त्याने ते आत वळवले. शनिवारी सकाळी परत बाहेर. परत आत. जेवण झालं — बाहेर! मग जी जुंपली...

“वहिनी, हे चाइल्डिश आहे!”

“आणि आईंना न विचारता तिकीट काढणं मॅच्युअर, नाही का?”

खरं सांगते, मी केलं नव्हतं. मला सुचलं नाही, याचाच राग येत होता.

शेवटी समीरने ड्रायरवर फोन ठेवून रेकॉर्डिंग लावलं. नंतर आम्ही तिघांनी बघितलं. बराच वेळ नुसते बूट, टोकं आत. मग मिलिंद कपड्यांची बास्केट दोन्ही हातांत घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेला. थांबला नाही, वाकला नाही. तो पुढे सरकला आणि बूट... दाराकडे.

“दादा, तू?”

“अरे, माझे हात बघ ना!”

“मग पायाने केलंस!”

दोघे भाऊ मडरूममध्ये ओरडत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

रविवार. आईंच्या दोन बॅगा दाराशी. समीरचे बूट दाराकडे — ते आता ठरलेलंच. पण त्यांच्या शेजारी आईंच्या चपला. इतके दिवस आत तोंड करून होत्या. आज... दाराकडे.

समीर हळूच म्हणाला, “बघितलंत? आता तरी पटलं?”

माझं डोकंच फिरलं. रिकाम्या मडरूमकडे बघून मी किंचाळले, “गद्दार! दोन दिवस आमच्या बाजूने होतीस ना?” होतीस! कोणाला म्हणाले, मलाच माहीत नाही.

एवढ्यात आई आल्या. चपला बघितल्या. काठी भिंतीला टेकवली आणि... खाली बसल्या. दोन्ही गुडघ्यांवर, ताठ. चपला उचलून आत वळवल्या.

“सांगितलं होतं ना तुला, माझ्या चपलांना हात लावायचा नाही!” ड्रायरशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत त्या म्हणाल्या. मग समीरकडे वळून, “तुलाही तेच सांगतेय. मी कुठेही जात नाहीये.”

“आई, मग आधी बोलली का नाहीस?”

“विचारलंस? त्या जपानी मांजराने विचारलं मला, काय हवं म्हणून. तुम्हा दोघांपैकी एकाने तरी?”

आईंनी हात जमिनीला टेकले आणि त्या रिकाम्या जागेला पार कपाळ खाली नेऊन नमस्कार केला. मग आधाराशिवाय उठल्या. काठी घेऊन आत गेल्या.

समीरने आईंचं तिकीट कॅन्सल केलं आणि एकटाच गेला. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. आईंना रोज फोन करतो.

तुम्ही म्हणाल, ती सराईवाली बाई वारली असणार. मलाही वाटलं! मेल केला. तिच्या सुनेने फोटो पाठवला — बाई ठणठणीत, दारात उभी राहून हसतेय. मिलिंदने मडरूमच्या जमिनीला उतार आहे का तेही तपासलं. नाही. त्यानंतर बूट कधी वळले नाहीत. मध्ये एक फार लांबलेले पाहुणे होते, त्यांच्या बुटांकडे मी आशेने बघत असायचे. ढिम्म!

पण बूट सोडा. मंगळवारी फिजिओथेरपिस्ट आली. आईंचे गुडघे नेहमीसारखेच ताठ. मी सांगितलेलं ऐकून ती म्हणाली, हे शक्यच नाही. मग रविवारी आम्ही तिघांनी काय बघितलं?

काल स्वयंपाकघरात मी सरळ विचारलं, “आई, त्या दिवशी वाकलात कशा?”

“राग आला होता,” त्या म्हणाल्या, आणि मला न विचारता माझ्या आमटीत गुळाचा आणखी एक खडा टाकला.