उताणा बैल

हिंगोलीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो. तिथे कोणी ऐकत नाही, म्हणून उरलेला घरी शिकवतो. केजीतली लेक पाटीवर A गिरवायला बसली आणि मला राहवलं नाही. सांगितलं, हे बैलाचं डोकं. हजारो वर्षांपूर्वी इजिप्तकडे राबणाऱ्या परक्या मजुरांनी काढलेलं. पुढे फिनिशियन व्यापाऱ्यांनी जहाजातून मालाबरोबर अक्षरंही नेली. ग्रीकांनी ती उचलली, फिरवली. बैलाची शिंगं खाली आली, झाला A.

आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी दावं वळत होते. एरवी माझ्या विद्वत्तेला ते नुसते खोकतात.

"लमाण बैलावर मीठ न्यायचे, तसं?"

"बराबर," मी फुशारलो.

"मंग शिंगं खाली काहून?"

"फिरवता फिरवता उलटा झाला, आबा."

"उलटा बैल मेल्यावरच पडतो. माझ्या घरात लक्ष्मी उताणी काढायची न्हाई!"

झालं! लेक आबांच्या बाजूची. वर्गात तिने शिंगं वर करून बैल काढला, वर दोन डोळे दिले. मॅडमनी मला बोलावलं. A आला नाही तर पोरगी याच वर्गात राहील म्हणाल्या. मी फिनिशियनांपासून सुरुवात केली.

"सर, बैल घरी बांधा."

संताप आला, पण घरी येईस्तोवर रडूच यायला लागलं. लेकराचं वर्ष ग्रीकांपायी जाणार! आबांना सांगितलं. त्यांनी नालबंदाला निरोप धाडला.

सकाळी नालबंद आला. त्याने आमचा बैल पाडला, पाय बांधले. लेकीने भोकाड पसरलं. नाल ठोकून दोर सुटला, तसा बैल अंग झाडत उभा राहिला.

"पाह्यलं?" आबा तिला म्हणाले. "कामापुरता पाडावाच लागतो. काम झालं की उठवायचा."

शाळेत तिने सरळ A काढला. मॅडमनी बरोबरची खूण केली, तशी तिने पाटी गर्रकन फिरवली आणि ओरडली, "उठला!" आता म्हणे सगळा वर्गच पाट्या फिरवतो. मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. पण लेक पुढे सरकली.

बरोबरची खूण मिळाली त्या संध्याकाळी जन्मभर अंगठा उठवलेले आबा पाटी मांडीवर घेऊन बसले. त्यांनी स्वतः A काढला, फिरवला, हसले.

"पुढचं अक्षर कायचं रे?"

B म्हणजे मुळात घर. फिरता फिरता त्याचं छप्पर कुठे गेलं, दार कुठे गेलं, पत्ता नाही. मी आबांच्या डोक्यावरच्या पत्र्यांकडे पाहिलं.

"त्ये अजून कुणालाच म्हाईत न्हाई, आबा."